राजीखुशीची बदली

अर्विंग,
९ जानेवारी २०२५

प्रिय उल्हास,
अनेक आशीर्वाद.

डेप्युटी डायरेक्टर झालास, मनापासून अभिनंदन. ऑस्टिनच्या हेड ऑफिसात आपला माणूस बसला म्हणून शोभाने देवापुढे साखर ठेवली. ऑफिसच्या ईमेलवर तुला दोन ओळी टाकल्या होत्या, त्यावर निरोप आला की घरच्या पत्त्यावर कागदावर लिहा. म्हणून हे पत्र.

सोमवारी मला आत बोलावलं. आपला मॅनेजर होता आणि एचआरची एक बाई होती, तिला मी पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. तिने टेबलावर दोन कागद ठेवले. एक बदलीचा: ड्राय फोर्क नावाच्या गावी, राज्याच्या पार पश्चिम टोकाला, इथून गाडीने आठ तास. दुसरा अर्ली रिटायरमेंटचा. "दोन्हींपैकी एक," ती म्हणाली. मी विचारलं, "तिसरं काही?" तर म्हणाली, "राजीनामा." आणि हसली. वाईट हेतूने नाही हसली रे. तिला वाटलं, मी विनोद केला.

तुला तर सगळं माहीतच आहे. चोवीस वर्षं मी या वॉटर बोर्डाची मातीची धरणं तपासतोय. कुठल्या बंधाऱ्यावर कुठलं झाड मुळं धरतंय हे मला आपल्या अंगणासारखं ठाऊक आहे. पूर्ण निवृत्तीला दोनच वर्षं राहिली. आत्ता रिटायर झालो तर मला हाकलल्यासारखंच होईल. आणि बदली घ्यावी तर शोभाचं काय? सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचं डायलिसिस. किडनीसाठीच्या यादीत तिचं नाव आहे ते इथल्या हॉस्पिटलात. ड्राय फोर्कपासून सर्वांत जवळचं डायलिसिस सेंटर दोन तासांवर आहे.

माझ्याबरोबर फील्डवर असते ती लूपे तुला आठवत असेल. तिलाही हेच दोन कागद मिळाले. म्हणते, पंचावन्नच्या पुढच्यांनाच वेचून काढलंय, आपण दोघं मिळून ग्रीव्हन्स, म्हणजे रीतसर तक्रार, फाइल करू. तिने वकीलही पाहिलाय. महिनाअखेर मुदत आहे. आमची सईही क्युपर्टिनोहून रोज फोन करते: "बाबा, जस्ट गेट अ लॉयर."

मला भांडायची सवय नाही. माझा एकच प्रश्न आहे. हे कागद कोणाला द्यायचे, ही यादी केली कोणी? त्या माणसासमोर दहा मिनिटं बसायला मिळालं तर मी त्याला पटवून देईन.

तुझा,
दिगंबर


ऑस्टिन,
१६ जानेवारी २०२५

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुमच्या अर्विंगच्या घरात सोफ्यावर आठ महिने झोपलोय मी. वहिनींनी डबा दिल्याशिवाय एक दिवस इंटरव्ह्यूला पाठवलं नाही. या बोर्डात मला चिकटवलं ते तुम्ही. हे मी विसरणार आहे का?

कागदावर लिहा म्हटलं ते तुमच्याच भल्यासाठी. आपल्याकडची ईमेल पब्लिक रेकॉर्ड असते, उद्या कोणीही अर्ज करून मागू शकतं. फोनही ऑफिसचाच. मराठीत, कागदावर, म्हणजे आपल्या दोघांतच राहील.

आता नीट ऐका. ग्रीव्हन्स फाइल करू नका. इथे वर बसल्यावर कळतं, ज्याने फाइल केलं त्याच्याकडे माणूस म्हणून बघणं संपतं. तो केस होतो. मग मला तुमच्यासाठी तोंड उघडता येणार नाही, कारण वकील सांगणार, अंडर डिस्प्यूट आहे, बोलू नका. लूपे चांगली बाई आहे, पण भांडखोर म्हणून तिचं नाव झालंय. तिच्या नावाशेजारी तुमचं नाव नको.

वहिनींच्या डॉक्टरांचं पत्र मला घरी पाठवा. डायरेक्टर मूडमध्ये असले की मी स्वतः बोलतो. थोडा विश्वास ठेवा.

वहिनींना तीळगूळ पोचवा माझ्यातर्फे.

तुमचा,
उल्हास


अर्विंग,
२७ जानेवारी

प्रिय उल्हास,

डॉक्टरांचं पत्र सोबत आहे.

तुझं पत्र शोभाला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "यादी कोणी केली ते त्यांनी लिहिलंच नाही." मी म्हटलं, सगळं कागदावर लिहायचं नसतं. ती म्हणाली, "कागदावर लिहा म्हणणारे तेच ना?" मी जरा चिडलोच. आजारपणाने माणूस संशयी होतो. तू मनावर घेऊ नकोस.

काल लूपे आली होती. येताना मक्याच्या वाफवलेल्या टमालेंचा डबा घेऊन आली, शोभासाठी बिनमिठाचे वेगळे केलेले. फॉर्म भरून आणला होता, फक्त माझी सही बाकी. मी म्हटलं, माझा विचार बदललाय. तिने फॉर्म परत पिशवीत घातला. मग म्हणाली, "दिगंबर, मला माहीत नाही असं काही तुला माहीत आहे का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग एकटीचा करते." डबा ठेवून गेली.

शुक्रवारी मुदत संपते. अजून वेळ आहे. एकदा स्पष्ट कळव, थांबू ना?

तुझा,
दिगंबर


ऑस्टिन,
५ फेब्रुवारी

दादा,

पत्र आज हातात पडलं. मुदत गेली ते एका परीने बरंच झालं. आता तुमची पाटी कोरी आहे.

चांगली बातमी अशी की डायरेक्टरांशी बोलणं झालं. वहिनींच्या तब्येतीचं ऐकून ते खरंच हलले. पण यादी एकदा बाहेर पडली की त्यातलं एक नाव काढता येत नाही, बाकीचे आरडाओरडा करतील. म्हणून तोडगा असा: रिटायरमेंट घेऊ नका, ती घेतली की दार बंद. तुम्ही बदली स्वीकारा. निमूटपणे जा. सहा महिन्यांत मी तुम्हाला अर्विंगला परत आणतो. सध्या वहिनींना नेण्या-आणण्यासाठी कोणीतरी बघा, अर्विंगमध्ये आपल्या लोकांना काय तोटा?

माझ्यावर सोडा.

उल्हास


ड्राय फोर्क,
१२ एप्रिल

प्रिय उल्हास,

मधल्या काळात दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. कामात असशील.

माझं ऑफिस म्हणजे काउंटीच्या यार्डामागची एक खोली आहे. शेजारी बंद पडलेलं पशुखाद्याचं दुकान. खोलीत एक टेबल, एक खुर्ची. पाहुण्याला बसायला दुसरी नाही, पण पाहुणाही येत नाही. इथे धरण नाही, उल्हास. गुरांना पाणी पाजायची तळी आहेत, त्यातली बरीच कोरडी. पहिल्या आठवड्यात मी सगळी पाहून रिपोर्ट लिहिले. कोणाला पाठवायचे विचारलं तर मॅनेजर म्हणाला, तुझ्याकडेच ठेव.

एक म्हातारा रँचर, इथल्या गुरांचा मालक, रोज गेटपाशी थांबतो. त्याला विचारलं, माझ्याआधी इथे कोण होतं? तो म्हणाला, "कोणीच नाही. ही खोली तुझ्यासाठीच रंगवली. आम्हाला वाटलं, तू काहीतरी गुन्हा केला असशील." आणि मला एक पीच दिलं.

शोभा अर्विंगलाच आहे. आमच्या वरच्या मजल्यावर अस्मिता म्हणून नागपूरची मुलगी राहते, आयटीत आहे. ऑफिसला जायच्या आधी ती शोभाला सेंटरवर सोडते, दुपारी लंच ब्रेकमध्ये आणून घरी पोचवते. पोरगी गुणाची आहे. पण परक्या मुलीचे उपकार किती घ्यायचे? सईकडे जा म्हटलं तर शोभा म्हणते, किडनीच्या यादीतलं नाव इथलं सुटेल, आणि तुम्ही परत येणारच आहात ना?

मी पंधरा दिवसांनी घरी जातो. मागच्या खेपेला गेलो तर ती झोपलेली होती. उठवलं नाही. उठली तेव्हा म्हणाली, "कधी आलात? पाहुण्यासारखे बसलात का?"

जुलैअखेर सहा महिने होतील असं धरून चाललोय. बरोबर ना?

दिगंबर


ऑस्टिन,
२५ एप्रिल

आदरणीय दादा,

पत्र दोनदा वाचलं. पण आता एक संधी चालून आलीय, म्हणून लगेच लिहितोय.

लूपेने तक्रार केली ते तुम्हाला माहीतच आहे. तिला रिटायर व्हायला लावलं, म्हणून ती म्हणते की बोर्डाने वय बघून माणसं काढली. जुलैत हिअरिंग आहे. त्यात बोर्डाला दाखवायचंय की बदल्या माणसांशी बोलून, त्यांच्या संमतीने झाल्या. तुम्ही एक छोटं स्टेटमेंट द्यायचं. मसुदा सोबत आहे: "माझी बदली माझ्या राजीखुशीने झाली. माझ्यावर दबाव नव्हता. माझ्या वयाचा त्याच्याशी संबंध असल्याचं मला जाणवलं नाही." तीन वाक्यं. डायरेक्टर म्हणाले, दिगंबर टीम प्लेअर असेल तर पुढचं सोपं होईल. त्यांचे हेच शब्द.

लूपेचं यात नुकसान व्हायचं असेल ते तुमच्या सहीशिवायही होणारच आहे. तिची केस कच्ची आहे. तुम्ही फक्त तुमच्यापुरतं बोलताय.

आणि हो, वहिनींना सांगा, लूपेशी सध्या येणं-जाणं नको. हिअरिंगपर्यंत तरी.

तुमचा,
उल्हास


ड्राय फोर्क,
८ मे

उल्हास,

सही करून पाठवली. पहिलं आणि दुसरं वाक्य खोटं आहे हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तिसऱ्याबद्दल मी स्वतःची समजूत घातली.

शोभाला सांगितलेलं नाही. लूपेकडे जाऊ-येऊ नको एवढंच फोनवर म्हटलं. का, असं तिने विचारलं नाही. ती काही न विचारता गप्प बसली की मला भीती वाटते.

आता तुझ्या शब्दावर आहे.

दिगंबर


ड्राय फोर्क,
१९ जुलै

उल्हास,

काल लूपेचा फोन आला. हिअरिंग संपवून पार्किंगमधूनच केला होता. "केस गेली," म्हणाली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुझं स्टेटमेंट मोठ्याने वाचलं. दोनदा. बाराशे मैल चिखल तुडवला आपण एका ट्रकमध्ये." मी म्हटलं, लूपे, माझी बायको... ती म्हणाली, "तुझ्या बायकोबद्दल मला तू सांगू नकोस." हे ती असं का म्हणाली ते मला कळलं नाही.

मग तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. तुला साक्षीला बोलावलं होतं. तिच्या वकिलाने विचारलं, यादी कोणी केली? तू म्हणालास, मी. तू म्हणालास, "या यादीतलं पहिलं नाव दिगंबरचं आहे. तो मला मोठ्या भावासारखा आहे. त्याच्या घरात मी राहिलोय. तरी मी त्याचं नाव सर्वांत आधी लिहिलं. याहून निःपक्षपाती कोणी काय असावं?" आणि पॅनेलवरच्या बाईने मान डोलावली म्हणे.

मी रात्रभर या खोलीत येरझाऱ्या घातल्या. जानेवारीत मी तुला एकच प्रश्न विचारला होता. तू तीळगूळ पोचवा म्हणालास. मला चोरासारखं इथे आणून टाकलंस आणि माझ्याच हाताने लिहून घेतलंस की मी हौसेने आलो. घरच्या कुत्र्यालाही माणूस असं लांब नेऊन सोडत नाही रे.

हे लिहून मी पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आता थोडा शांत झालोय. विचार केला तेव्हा वाटलं, तुझीही बाजू असेल. आपला माणूस म्हणून मला वाचवलं असतंस तर सगळे तुझ्यावर तुटून पडले असते. नवीन खुर्ची. कदाचित मला परत आणता यावं म्हणूनच तू आधी स्वतःला स्वच्छ करून घेतलं असशील. तसं असेल तर मी समजू शकतो. फक्त आता उशीर करू नकोस. सहा महिने होत आले. केसही तुमच्या मनासारखी लागली. परतीचा अर्ज आज ऑफिसच्या मार्गाने पाठवलाय. तू त्यावर एक सही कर. मी झालंगेलं सगळं विसरेन.

रागाच्या भरात लिहिलं असेल त्याबद्दल माफ कर.

दिगंबर


ऑस्टिन,
१४ ऑगस्ट

दादा,

तुमच्या शब्दांचं वाईट वाटलं, पण मी ते पोटात घातले.

यादी मी केली, खरं आहे. त्यात चुकलं काय ते मला अजून कळलेलं नाही. उत्तर विभागात तीन माणसं कमी करायचीच होती. तुमचं नाव गाळलं असतं तर पहिल्या दिवशीच म्हणाले असते, इंडियन आला आणि इंडियनला वाचवलं. मग या खुर्चीवर आपल्यातला दुसरा माणूस पुन्हा बसला नसता. शिवाय मला खात्री होती की तुम्ही समजून घ्याल. दुसऱ्या कोणाचं नाव वर लिहिलं असतं तर तो कोर्टात गेला असता. तुम्ही नाही गेलात. माझा अंदाज चुकला नाही, याचा मला अभिमानच आहे.

परतीच्या अर्जाबद्दल. तो माझ्याच टेबलावर आला, आणि मला तो नाकारावा लागला. तुम्हीच विचार करा. बदली राजीखुशीने झाली असं तुमचं स्टेटमेंट रेकॉर्डवर आहे. आता बायकोच्या आजारपणात मनाविरुद्ध पाठवलं म्हणून परत आणा, असं तुम्ही म्हणता. मी सही केली तर तुमचं स्टेटमेंट खोटं ठरतं आणि लूपेची केस पुन्हा उभी राहते. यात तुम्हीच अडचणीत याल. मी तुम्हाला वाचवतोय.

नोकरी नोकरीच्या जागी. भाऊबीजेला दरवर्षीप्रमाणे येईनच. वहिनींना सांगा, फार काही करू नका, नुसतं वरणभात चालेल.

तुमचा,
उल्हास


अर्विंग,
१२ ऑक्टोबर

उल्हासभाऊ,

हे पत्र मी लिहितेय हे यांना माहीत नाही. 

भाऊबीजेला येऊ नका. पण मी त्यासाठी लिहीत नाहीये.

जे तुम्हाला कळलं नसेल ते सांगते. मे महिन्यात अस्मिताची नोकरी गेली. व्हिसाच्या मुदतीत दुसरी नोकरी शोधायची, म्हणून बिचारी सामान बांधून सिएटलला मैत्रिणीकडे गेली. मी यांना सांगितलं नाही, ते सगळं टाकून धावत आले असते. जूनपासून मला डायलिसिसला लूपे नेत होती. नोकरी गेलेली बाई, रोज नवीन ठिकाणी अर्ज करत होती, पण माझ्या तीन दिवसांत खंड पडू दिला नाही. यांनी फोनवर सांगितलं, तिच्याकडे जाऊ नको. मी हो म्हटलं. मी तिच्याकडे जात नव्हतेच, तीच येत होती.

हिअरिंगनंतरच्या सोमवारी ती नेहमीसारखी आली. मला हात धरून गाडीत बसवलं.  सेंटरच्या दारात गाडी थांबवून म्हणाली, "शोभा, तुझ्या नवऱ्याने लिहून दिलं की मी खोटारडी आहे. आज तुला घरीही सोडेन. उद्यापासून दुसरं कोणी बघ." मी म्हटलं, मला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला माहितेय. म्हणून तर आज आले." परत आणताना तिने माझी औषधं घेऊन दिली, जिन्यापर्यंत सोडलं आणि गेली. पुन्हा आली नाही. मी तिच्या जागी असते तर त्या दिवशीही गेले नसते.

पुढे भाड्याची व्हॅन लावली. ती कधी यायची, कधी नाही. सप्टेंबरात एकदा डायलिसिस चुकलं, आणि मी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. किडनीच्या यादीवरून माझं नाव सध्या बाजूला ठेवलंय. हे आले ते राजीनामा देऊनच. साधा राजीनामा. रिटायरमेंट घेतो म्हणाले तर उत्तर आलं, ती मुदत फेब्रुवारीतच संपली. चोवीस वर्षांनंतर खोलीची किल्ली त्या म्हाताऱ्या रँचरकडे देऊन निघाले.

यांनी लूपेच्या घरी जाऊन माफी मागितली. दारातच. ती म्हणाली, "मला माफी नको, खरं लिहून दे." आता तिने बाहेरच्या कोर्टात केस केलीय. तिचा वकील यांना साक्षीला बोलावतोय. इथल्या शहराच्या ऑफिसात गटारं-नाले तपासायची एक नोकरीही यांना मिळतेय. घरापासून जवळ. माझ्या वेळा सांभाळून.

आणि हा माणूस दोन्हींना हो म्हणत नाही. रोज टपाल बघतो. मी विचारलं, कशाची वाट बघताय? म्हणाले, "उल्हास काहीतरी करेल. एवढं झाल्यावर त्याला वाटत असेलच. आता त्याच्याविरुद्ध साक्ष दिली तर परतीचा रस्ता कायमचा बंद होईल." मी ओरडले, भांडले. रडलेसुद्धा. त्यांना ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते फक्त तुमचं.

म्हणून तुमच्याकडे एक मागते. दिलगिरी नको, नोकरी नको. यांना एक पत्र लिहा. त्यात लिहा, की काही होणार नाही, तुम्हाला परत घ्यायचं माझ्या मनात कधी नव्हतं, वाट बघू नका. तेवढं एक वाक्य. माझा शब्द ते मानत नाहीत, तुमचा मानतील. तेवढ्याने हा माणूस सुटेल.

इतकी वर्षं भाऊ म्हणून ओवाळलं. पहिल्यांदाच काही मागतेय.

शोभा


ऑस्टिन,
३ नोव्हेंबर

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या शुभेच्छा उशिराच देतोय. वहिनींचं पत्र मिळालं. त्यांनी ते तुम्हाला न सांगता लिहिलंय, पण आपल्यात लपवाछपवी कधी नव्हती, म्हणून सोबत पाठवतोय, वाचा. दुखण्याने माणूस कडवट होतो. मी मनाला लावून घेतलं नाही, तुम्हीही त्यांना बोलू नका.

त्या म्हणतात, काही होणार नाही असं तुम्हाला कळवावं. पण दादा, मी खोटं कसं लिहू? उलट काल मीटिंगमध्ये तुमचा विषय निघाला. मार्चमध्ये नवीन बजेट येतंय. त्यात अर्विंगला एक सीनिअर इन्स्पेक्टरची जागा आहे. कोणासाठी ते मी कागदावर लिहीत नाही, तुम्ही समजा.

फक्त दोन गोष्टी. लूपेचा वकील येईल, त्याला सांगा की आधीच्या स्टेटमेंटपलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आणि ती नाल्यांची नोकरी घेऊ नका. एकदा खालच्या पायरीवर उतरलेला माणूस मला वर घेता येणार नाही.

मार्चपर्यंत धीर धरा.

तुमचा,
उल्हास


अर्विंग,
१६ नोव्हेंबर

प्रिय उल्हास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खरं सांगतो, वाचून हायसं वाटलं. तुझ्या मनात काहीच नसतं तर तू दोन ओळीही लिहिल्या नसत्यास, हे मी शोभाला आधीपासून सांगत होतो.

वकिलाला तू म्हणालास तसं कळवलं. त्याने विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. त्या दिवशी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये लूपे दिसली. मी हात वर केला. तिने गाडी काढली. शहराच्या नोकरीलाही नाही म्हणून कळवलं. तिथला माणूस चांगला होता, म्हणाला, आठवडाभर थांबतो, विचार करा. मी म्हटलं, गरज नाही.

शोभाचं पत्र मी वाचलं. त्याबद्दल तिला बोललो नाही. पण तू ते मला पाठवलंस हे तिने सोबत आलेल्या तिच्याच पाकिटावरून ओळखलं.  सईला फोन करून म्हणाली, "मला घेऊन जा."

काल सई आली आणि तिला क्युपर्टिनोला घेऊन गेली. किडनीच्या यादीतलं इथलं नाव काढून टाकायचा कागद शोभाने स्वतः सही करून दिला. विमानतळावर व्हीलचेअरवर बसली होती. मी म्हटलं, "फक्त मार्चपर्यंत थांब. एकदा जागा मिळाली की तुला परत आणतो." सई म्हणाली, "बाबा, स्टॉप." शोभाने माझ्या कोटाचं बटण लावून दिलं. म्हणाली, "जेवत जा."

घर मोठं वाटतं. पण काही हरकत नाही. सकाळी धरणांचे जुने नकाशे काढून बसतो, मधल्या काळात कामाची सवय मोडायला नको. नवीन माणसाने काय पाहिलं, काय सुटलं असेल ते टिपून ठेवतो, म्हणजे मार्चमध्ये एकदम कामाला लागता येईल.

तू तब्येतीला जप. फार धावपळ करू नकोस माझ्यासाठी. तसा मार्च काही फार लांब नाही.

तुझा,
दिगंबर